तालीम सुटली म्हणून मांसाची चरबी होत नाही

संपादक महोदय,

आमच्या पेठेत तालीम सोडलेला माणूस दिसला की लोक लगेच म्हणतात, बघ, सगळ्या मांसाची चरबी झाली. असं होत नाही ओ, स्नायू वेगळे, चरबी वेगळी, एकाचं दुसरं बनत नाही, होतं काय की जोर-बैठका बंद पडतात पण खुराक पैलवानकीचाच राहतो, दूध, तूप, मटण, मग स्नायू बारीक होतात आणि वर चरबी साठते.

पहिल्या आठवड्यात दंड सैल वाटतात ते जास्त करून पाणी आणि ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) कमी झाल्यानं, ताकद ३-४ आठवडे बऱ्यापैकी टिकते. पूर्ण अंथरुणाला खिळलं तर मात्र लई लवकर उतरतं. माझ्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिन्यात मांडी इतकी उतरली की पायजमा लोंबायचा. आता खुर्चीवरून रोज २० वेळा उठबस करतात, मांडी परत भरायला लागलीय. एकदा कमावलेलं शरीर दुसऱ्यांदा लवकर भरतं, म्हणून वस्तादांनी सुटलेल्या पोरांना हिणवू नये, परत बोलवून घ्यावं.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर