लाव्हा पाहायला निघालेल्या लेकीस

नागपूर,
दि. १० ऑगस्ट २०२२

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू आइसलँडमधल्या मेराडालिरचा नवा ज्वालामुखी पाहायला जायचा शनिवार-रविवारचा बेत सांगितलास आणि आईने "काही जायचे नाही" एवढे म्हणून विषय संपवला. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि हा विषय तर दोन वाक्यांत आटोपण्यासारखा नव्हता. तू जा. आईशी मी बोललो आहे. तिची काळजी गेलेली नाही, पण तिने नाही म्हणणे सोडले आहे. मात्र निघण्यापूर्वी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि सोबतच्या मुलींनाही त्यातले कामाचे तेवढे सांग.

तुला आठवत असेल, २०१६ च्या सप्टेंबरात तुझ्या चुलत बहिणीच्या लग्नासाठी मी एकटाच होनोलुलूला गेलो होतो. तुझे बारावीचे वर्ष होते, क्लास बुडू नयेत म्हणून तू आणि आई मागे राहिलात. लग्न पार पडल्यावर येणाऱ्या शनिवारी काका मला विमानाने हवाई बेटावरच्या हिलोला घेऊन गेले. तिथे किलाउएआ ज्वालामुखीचा उद्रेक १९८३ च्या जानेवारीपासून चालूच होता आणि २०१६ च्याच मे महिन्यात फुटलेला नवा प्रवाह जुलैअखेर समुद्राला जाऊन मिळाला होता. हिलोपासून मोटारीने तासाभरावर कालापाना आहे. ते गाव १९९० मध्ये लाव्हाखाली गेले, आणि त्याच थंडावलेल्या काळ्या खडकावर लोकांनी पुन्हा घरे बांधली आहेत. तिथून भाड्याच्या सायकलींवर गिट्टीच्या कच्च्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर आणि पुढे पायी, असे आम्ही संध्याकाळी प्रवाहाजवळ पोहोचलो. तुझे चार दिवसांचे क्लास बुडाले असते तर काहीही बिघडले नसते, हे मला तिथे उभा असतानाच कळले. ती रुखरुख गेली सहा वर्षे माझ्या मनात आहे, आणि तुला हे सगळे इतके सविस्तर लिहिण्याचे एक कारणही तेच आहे.

लाव्हा म्हटले की माणसाला आकाशात उसळणारे कारंजे आठवते. मेराडालिरलाही भेगेतून ते उसळत असेल आणि सगळ्यांच्या नजरा तिकडेच लागलेल्या असतील. तेही पाहा, पण दुरून. खरे पाहण्यासारखे आहे ते प्रवाहाच्या अगदी टोकाला, जिथे त्याचा जोर ओसरून तो सावकाश पुढे सरकत असतो. आम्ही ज्याच्यासमोर उभे होतो ते टोक फार तर घोट्याएवढे उंच होते. वरून राखाडी, चंदेरी झाक असलेली कातडी आणि खाली, जमिनीला टेकते तिथे, केशरी रेघ. पाहता पाहता ती कातडी एका जागी फुगली, ताणली गेली, तिला बारीक चीर पडली आणि तिच्यातून लाव्हाचा एक नवा गोळा, पायाच्या अंगठ्यासारखा, बाहेर आला. बाहेर आला तेव्हा पिवळसर केशरी होता. आपण दहा-पंधरापर्यंत मोजावे एवढ्यात त्याच्यावर दुधावर धरते तशी साय धरली. आतला लाव्हा अजून पुढे ढकलत होता, म्हणून त्या सायीला सुरकुत्या पडत गेल्या आणि दोराचे वेटोळे ठेवावे तसा आकार होऊन ती तशीच थिजली. अशा गुळगुळीत, दोरखंडासारख्या लाव्हाला हवाईची माणसे पाहोएहोए म्हणतात आणि ओबडधोबड, काटेरी ढेकळांच्या लाव्हाला आआ. जगभरच्या भूशास्त्राने हे दोन्ही शब्द जसेच्या तसे उचलले आहेत.

त्याचा आवाजही आहे, आणि तो मला आधी कुणी सांगितला नव्हता. थंड होताना वरची काचेसारखी पापुद्री सतत तडकत असते. काचेच्या बांगड्या हळूच एकमेकींवर वाजाव्यात तसा तो बारीक आवाज चहूबाजूंनी येत राहतो. आच मात्र अंदाजापेक्षा फार अधिक होती. तीन-चार पावलांवर चेहरा भाजल्यासारखा होऊन आपोआप वळतो. ताजा बेसाल्टी लाव्हा अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, हे मी नोकरीभर वाचत आणि नव्या मुलांना सांगत आलो होतो. तो आकडा प्रत्यक्ष गालांना कळला तो त्या संध्याकाळी.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण तुझ्या जिवाशी तिचा संबंध आहे. साय पटकन धरते, पण खडक अतिशय वाईट उष्णतावाहक असल्यामुळे ती जाड व्हायला फार वेळ लागतो. पहिल्या मिनिटात कवच सेंटीमीटरभर होते, पहिल्या तासात आठ सेंटीमीटरच्या घरात जाते, आणि पुढे वेळ चौपट झाली तर जाडी फक्त दुप्पट होते. म्हणजे एक पूर्ण दिवस उलटला तरी वर हातभरसुद्धा कवच नसते आणि खाली सगळे वितळलेलेच असते. त्यातच आत नवा लाव्हा शिरत राहिला की ते कवच छत उचलावे तसे वर उचलले जाते आणि गुडघ्याएवढा प्रवाह काही मीटर जाड होतो. दिवसाउजेडी कवच काळे दिसले म्हणजे ते निवले असे मुळीच नाही. सहाशे अंशांच्या खाली उतरलेला खडक उन्हात डोळ्यांना थंडच वाटतो. तुमच्याकडे मार्च २०२१ मध्ये गेल्डिंगादालिरला फुटलेला आणि सहा महिने वाहिलेला जुना लाव्हा या नव्या उद्रेकाला लागूनच पसरला आहे. लोक फोटोसाठी त्याच्यावर चढतात. तू त्याच्यावर पाऊल ठेवू नकोस. त्याच्या खालून नवा लाव्हा वाट काढून अचानक कडेला फुटू शकतो आणि तेव्हा वर उभ्या असलेल्या माणसाला परतायला वाट राहत नाही.

त्याहून मोठे भय वायूंचे आहे, कारण ते दिसत नाही. सल्फर डायऑक्साइडला पेटलेल्या काडेपेटीचा उग्र वास असतो, घसा खवखवतो, माणूस स्वतःहून मागे होतो. कार्बन डायऑक्साइडला वासच नाही, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी पाण्यासारखा साचतो. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेली माणसे कशी जातात हे मी नोकरीच्या काळात दोनदा पाहिले आहे. पहिला उतरतो, खाली बसतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. त्या दोन्ही वेळी वर उभ्या असलेल्यांना काहीही दिसत नव्हते. मेराडालिर ही दऱ्याखोऱ्यांची जागा आहे आणि वारा पडला की तीच विहीर होते. म्हणून वारा नेहमी पाठीवर घे, चढावर किंवा धारेवर उभी राहा, जेवायला-विसाव्यालासुद्धा खळग्यात बसू नकोस, आणि वारा पडला असे वाटले की कुणी हसले तरी चालेल, उठून निघ. रविवारपासून काल-परवापर्यंत हवामानासाठी वाट बंद ठेवली होती असे तूच सांगितलेस; शनिवारी सकाळी पुन्हा बंद केली तर तोंड वाकडे न करता घरी थांब. बारा वर्षांखालच्या मुलांना ते सोडत नाहीत, तेही योग्यच आहे. लहान मुलांचे नाक जमिनीला अधिक जवळ असते.

माझ्याकडून तिथे एक चूक झाली ती सांगतो. अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो, कारण अंधारात तो प्रवाह दुसराच होतो. दिवसा जी साधी भेग दिसते तिच्यातून रात्री निखारा दिसतो आणि सगळे मैदान खालून पेटल्यासारखे वाटते. परतताना माझ्या टॉर्चची बॅटरी संपली. काका पाच पावले पुढे होते, पण तेवढ्या अंतरात मी ठेचकाळलो आणि पडताना उजवा हात टेकला. तो खडक म्हणजे काचच आहे. तळहाताला तीन ठिकाणी चिरा पडल्या आणि हिलोला परत येईपर्यंत रक्त थांबले नव्हते. तुला मी "सायकलवरून पडलो" असे सांगितले होते. तर दोन टॉर्च घे, हातमोजे कातडी किंवा जाड कापडाचे घे, नायलॉनचे काहीही घालू नकोस, आणि बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घाल. तुमच्याकडे ऑगस्टात उशिरापर्यंत संधिप्रकाश असतो, म्हणून टॉर्च नको असे कुणी म्हणेल, ऐकू नकोस. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर चालायचे असेल तर घड्याळ आपल्या हिशोबाने चालत नाही.

आणखी एक. आमच्या शेजारी काही तरुण काठ्या खुपसून लाव्हा वर काढत होते, काहींनी त्यात नाणी दाबली. मला ते रुचले नाही. तिथल्या मूळ लोकांसाठी ती ज्वालामुखीच्या पेले देवीची जागा आहे आणि ते लांब उभे राहून पाहत होते, त्यांच्या चेहऱ्यावरून मला लाज वाटली. आइसलँडमध्ये देवीची गोष्ट नसेल, तरी तू काठी खुपसू नकोस.

आता आपल्या गावाकडे येतो. तू सात वर्षांची असताना मी तुला हिंगण्याच्या पुढच्या एका गिट्टी खदानीत नेले होते. तिथे तू एक भोकाभोकांचा दगड उचललास, त्याच्या एका भोकात पांढरी गारगोटी चमकत होती, आणि विचारलेस, "बाबा, दगडाला भोके कोणी पाडली?" मी म्हणालो, वाफेने. तुला ते पटले नाही आणि मलाही त्याहून बरे सांगता आले नाही. शनिवारी तुला ते दिसेल. लाव्हात विरघळलेले वायू वर येऊन बुडबुडे होतात आणि वरची साय धरली की तिच्याखाली अडकतात. म्हणून प्रत्येक प्रवाहाचा माथा सच्छिद्र असतो आणि मधला भाग घट्ट काळा पाषाण. काटोल-कळमेश्वर भागात बोअरवेल घेताना आम्ही हाच क्रम वाचत असू: मुरूम, सच्छिद्र थर, पाषाण, मग लाल मातीचा पट्टा, मग पुन्हा सच्छिद्र थर. लाल पट्टा लागला की खालचा, आधीचा प्रवाह सुरू. संत्र्याच्या बागांना पाणी मिळते ते बहुतेक त्या सच्छिद्र आणि भेगाळलेल्या थरांतून, पाषाणातून नाही.

नागपूर तर या सगळ्याच्या काठावरच वसले आहे. सीताबर्डीचा किल्ला, सेमिनरी हिल्स आणि पश्चिमेकडचे सगळे दख्खनच्या लाव्हाचे. पूर्वेला मौद्याकडे निघालो की तो संपतो आणि त्याहून कितीतरी जुना खडक लागतो. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी वाहिलेला तो लाव्हा आज पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती नागपूरजवळच्या टाकळीची गोष्ट. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात तिथे दोन प्रवाहांच्या मधल्या थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडांच्या बियांचे जीवाश्म शोधले. म्हणजे एक प्रवाह निवला, त्याच्यावर तळे साचले, गोगलगायी आल्या, काठाला झाडे उगवली, आणि मग दुसरा प्रवाह आला. चाळीस वर्षे मी तो लाल पट्टा आणि त्या बिया हातात घेतल्या, पण त्यांच्या वरचा दगड कधीकाळी सरकत होता, हे खरोखर डोळ्यांसमोर आले ते त्या घोट्याएवढ्या टोकाजवळ उभा राहिलो तेव्हा. तिथे उभ्या-उभ्या मला सीताबर्डीची टेकडी आठवली, आणि तू आठवलीस.

म्हणून एक काम माझ्यासाठी कर. दगड आणू नकोस, फोटोही दोन-चार पुरेत. सुरक्षित जागेवरून एखादा नवा गोळा बाहेर येताना दिसला तर घड्याळ लावून बघ: पिवळा असताना किती सेकंद, केशरी किती, आणि पूर्ण राखाडी व्हायला किती. सुरकुत्या कुठल्या बाजूला वळतात तेही पाहा; प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे त्यांची कमान असते आणि आपल्याकडे जिथे त्या शिल्लक राहिल्या आहेत तिथे आम्ही त्यावरून लाव्हा कुठून आला ते ठरवतो. वहीत लिहून ठेव, मोबाइलमध्ये नको.

गाडीपर्यंत परत पोहोचलीस की लगेच फोन कर. तुमच्याकडे रात्रीचे दहा वाजले असतील तर इथे पहाटेचे साडेतीन होतील, तरी कर. आई जागीच असणार आहे, आणि मीही.

तुझा,
बाबा