लांबलचक मुलाखतींची वेळ जागेवर आणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही एका विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात काम करता आणि मी न्यायालयातून निवृत्त झालेला मराठी लघुलेखक. आपली प्रत्यक्ष भेट झालेली नाही. फोनवर मी दोनदा आभार मानले, तेव्हा तुम्ही दोन्ही वेळा "काका, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. आता चारचौघांत पत्र लिहितोय म्हटल्यावर विषय बदलायची सोय राहिली नाही. शिवाय मुलाखती ऐकून लिहून काढणारे माझ्यासारखे बरेच जण हल्ली घरोघरी आहेत. तुम्ही जे सांगितलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

काम कशाचं होतं ते वाचणाऱ्यांसाठी सांगतो. गिरणगावातल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांतले जे आज बोलू शकतात त्यांचं बोलणं एक संशोधक बाई टिपून घेतायत आणि मी ते शब्दन्‌शब्द लिहून काढतो. माणसं ऐंशीच्या घरातली. एकदा बोलायला लागली की तीन-तीन तास थांबत नाहीत, आणि थांबली की मध्येच बराच वेळ गप्प राहतात. प्रत्येक उत्तरापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ लिहायची असते, म्हणजे उद्या कुणी विचारलं की "हे नक्की असंच म्हणाले का?", तर त्या जागी जाऊन ऐकता यावं.

आणि नेमकी ती जागाच सापडेना. ३ तास १० मिनिटांच्या एका फाइलमध्ये मी पायाखालचं पेडल सोडून पुन्हा दाबलं की सॉफ्टवेअरने चार सेकंद मागे जाऊन आवाज सुरू करायला हवा. ते कधी अर्धं मिनिट मागे जायचं, कधी पुढे. एखादं वाक्य दोनदा ऐकू यायचं, एखादं गायबच. मी १ तास ४२ मिनिटं १० सेकंद असं लिहावं आणि संशोधक बाईंनी त्यांच्या संगणकावर तिथे जावं, तर भलतंच काही चाललेलं. दुकानदार म्हणाला रॅम वाढवा. ओळखीतला एक मुलगा म्हणाला सॉफ्टवेअर बदला. दोन्ही करून झालं. रॅमचं बिल अजून खणात आहे, पण ते जाऊ दे.

तुम्ही मात्र संगणक कोणता हे विचारलंच नाहीत. पहिला प्रश्न होता, "काका, पेडलला पाय न लावता सुरुवातीपासून सलग ऐकलंत तर वेळ चुकते का?" चुकत नव्हती. दुसरा प्रश्न, "मागेपुढे केल्यावरच चुकते ना?" हो. मग तुम्ही म्हणालात की आवाज शाबूत आहे, फाइलमध्ये जागा शोधण्याची सोय कच्ची आहे. जी गोष्ट सांगायला लोकांनी मला हजारो रुपये खर्च करायला लावले, ती तुम्ही दोन प्रश्नांत सांगितलीत. न्यायालयात इतकी वर्षं उलटतपासण्या लिहून घेतल्या, पण इतकी आटोपशीर क्वचितच ऐकली असेल.

मग मीडियाइन्फो नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर उघडायला लावलंत आणि "बिट रेट मोड" या ओळीपुढे काय दिसतं ते वाचून दाखवायला सांगितलंत. तिथे "व्हेरिएबल" होतं. त्याचा अर्थ तुम्ही समजावलात तो माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा. एमपीथ्री फाइल म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांची माळ. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेणाऱ्या, म्हणजे नेहमीच्या ४४.१ किलोहर्ट्‌झच्या रेकॉर्डिंगमध्ये एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. बिट रेट, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला फाइलमध्ये दिलेली जागा, स्थिर असेल तर प्रत्येक तुकडा जवळपास सारख्याच आकाराचा, त्यामुळे अमुक सेकंद फाइलमध्ये कुठे आहे हे साध्या गुणाकाराने निघतं. पण रेकॉर्डरने जागा वाचवायला बदलता बिट रेट वापरला असेल, तर गडबड-गोंगाटाला जास्त जागा जाते आणि शांततेला कमी. तुकडे लहानमोठे होतात आणि गुणाकार कोलमडतो.

त्यावर उपाय म्हणून अशा फाइलच्या सुरुवातीला एक छोटी सूची असते. तिच्यात अमुक वेळ फाइलमध्ये कुठे आहे ते सांगणाऱ्या १०० खुणा. चार मिनिटांच्या गाण्याला शंभर खुणा म्हणजे चैन झाली, दर अडीच सेकंदाला एक. माझ्या ३ तास १० मिनिटांच्या फाइलमध्ये दोन खुणांत ११४ सेकंदांचं अंतर. त्यात प्रत्येक खूण एकाच बाइटची, म्हणजे ती फाइलचे फार तर २५६ भाग ओळखणार. या फाइलमध्ये एक भाग सरासरी ४४ सेकंदांचा पडतो. मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, सगळीकडे बोलणं सारखंच आहे असं धरून. मला चार सेकंद मागे जायचं होतं आणि त्याच्याकडची मोजपट्टी चव्वेचाळीस सेकंदांची. बिचारं करणार काय?

हे ऐकताना मला जुन्या कॅसेट डिक्टाफोनवरचा काउंटर आठवला. तो आकडा सेकंद मोजत नसे, रिळाचे फेरे मोजत असे. रीळ जाड होत गेलं की एका फेऱ्यात जास्त फीत जाई, म्हणून सुरुवातीचे शंभर आणि शेवटचे शंभर कधी सारख्या वेळेचे नसत. आम्ही सगळे लघुलेखक ते जाणून होतो आणि आकड्यावर विश्वास न ठेवता कानाने जागा शोधत होतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र मिनिट-सेकंदाचे आकडे इतके ठामपणे उमटतात की शंका घ्यायचं सुचत नाही.

एक गोष्ट तुम्ही ओघात बोलून गेलात, ती मला फार लागली. वेळ सर्वांत जास्त कुठे सरकते? जिथे बोलणारा मध्येच थांबतो तिथे. शांततेला जागा कमी लागते, म्हणून अंदाज तिथेच फसतो. या मुलाखतींत माणसं थांबतात ती उगाच नाही. घर कसं चाललं, पोरांच्या शाळेचं काय झालं, गावी कोण परत गेलं, असे प्रश्न आले की थांबतात. म्हणजे ज्या उत्तरांसाठी संशोधक बाई आल्या होत्या, त्यांच्याच आसपास आमच्या वेळा सर्वांत जास्त बिघडल्या होत्या.

दुसऱ्या एका फाइलचं दुखणं वेगळं निघालं. तिच्यात ती सूचीच नव्हती. रेकॉर्डिंगची सुरुवात एका शांत खोलीत झालेली, सॉफ्टवेअरने पहिल्या थोड्याशा भागावरून सगळ्या फाइलचा हिशेब मांडला आणि तीन तासांची मुलाखत पाच तासांची दाखवली. तिसरी कुणीतरी दोन फाइली नुसत्या एकमेकींना चिकटवून बनवलेली, तिच्यात पहिल्या भागाचीच लांबी दिसत होती. "लांबी दोन प्लेअरमध्ये वेगवेगळी दिसली की आधी फाइलवर संशय घ्यायचा," हे तुमचं वाक्य मी टेबलासमोर लिहून लावलंय. काही प्लेअर आधी अख्खी फाइल वाचून स्वतःची सूची बनवतात, म्हणून तीच फाइल एकीकडे नीट चालते आणि दुसरीकडे अडखळते, हेही तेव्हाच कळलं.

उपाय तुम्ही सांगितलात तो इतका साधा की मी आधी विश्वासच ठेवला नाही. ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायची, मोनो (एकाच वाहिनीची) करायची, १६ किलोहर्ट्‌झ, १६ बिट वेव्ह म्हणून नवी प्रत काढायची. वेव्ह म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल. तिच्यात सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येक दोन बाइटचा, म्हणून प्रत्येक सेकंदाला नेमके ३२,००० बाइट, ना कमी ना जास्त. कुठलाही सेकंद मागा, गुणाकाराने थेट सापडतो. तासाला ११५ एमबी, म्हणजे अख्खी मुलाखत ३६५ एमबीच्या आसपास. तीच ४४.१ किलोहर्ट्‌झवर स्टिरिओत काढली असती तर दोन जीबी झाली असती आणि माझा जुना लॅपटॉप धापा टाकत बसला असता. माणसाचं बोलणं लिहून काढायला १६ किलोहर्ट्‌झ पुरतात. त्याने आवाज सुधारत नाही, हेही तुम्ही बजावलंत. एमपीथ्रीने जे टाकून दिलं ते परत येत नाही. आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही, ही फक्त कामाची प्रत.

खरं तर इथे तुमची जबाबदारी संपली होती. पण आधीच टाइप झालेल्या पानांवरच्या वेळांचं काय, हे मी न विचारताच तुम्ही विचारलंत. मला वाटलं होतं, सगळीकडे ठरावीक सेकंद वजा केले की झालं. तुम्ही म्हणालात, तसं जमणार नाही, कारण फरक प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. मग तुम्ही कुकरची शिटी शोधायला सांगितलीत. लालबागच्या चाळीतली मुलाखत. पलीकडच्या खोलीत स्वयंपाक चाललेला. ऑडॅसिटीत लहरींचा आलेख बदलून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी किती उंच-खालचा सूर आहे ते दाखवणारं चित्र, लावला की शिटी उजळ पट्ट्यासारखी लांबून ओळखू येते. मी लिहिताना कंसात "कुकरची शिटी", "दाराची कडी", "चहा आला" असं सवयीने टिपलेलंच होतं. एकेका शिटीपाशी खरी वेळ बसवायची, मग दोन शिट्यांमधली उत्तरं कानाने लावायची. काम कंटाळवाणं होतं, पण पूर्ण झालं. माझ्या त्या कंसांवर एका तरुण मुलाने "हे कशाला लिहिता?" असं विचारलं होतं. त्याला उत्तर मिळालं असेल.

अजून एका गोष्टीसाठी विशेष आभार. मी घाईघाईत म्हटलं होतं, फाइल तुम्हाला पाठवतो किंवा इंटरनेटवरच्या एखाद्या फुकट संकेतस्थळावर बदलून घेतो. तुम्ही लगेच अडवलंत. बोलणाऱ्यांनी संमती संशोधनासाठी दिली आहे, त्यांच्या घरातल्या गोष्टी अनोळखी सर्व्हरवर जाता कामा नयेत, जे करायचं ते माझ्याच संगणकावर. म्हणून तुम्ही एकही मुलाखत न ऐकता, निव्वळ मी वाचून दाखवलेल्या आकड्यांवरून सगळं सोडवलंत. संशोधक बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त्यांचा नंबर जपून ठेवा."

तुमच्या बाकीच्या लहानसहान सूचनाही पाळतोय. फाइल पेनड्राइव्हवरून न चालवता आधी लॅपटॉपच्या डिस्कवर घेतो. ब्लूटूथचे हेडफोन नातीला दिले, कारण पेडल आणि आवाज यांत जो बारीक उशीर होतो तो दिवसभरात डोकं उठवतो. वायरचे बरे. नव्या मुलाखतींसाठी रेकॉर्डर सुरुवातीपासूनच वेव्हवर ठेवलाय, आणि संग्रहासाठी तुम्ही सांगितलेलं ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटही.

त्यावरूनच एक शंका आहे. मागच्या रविवारी पाच जुने कामगार एकत्र बसले आणि रेकॉर्डिंग चार तासांच्या पुढे गेलं. वेव्ह फाइलमध्ये आकार लिहायची जागा ३२ बिटांची, म्हणून ४ जीबीच्या वर तिचा हिशेब बिघडतो, हे तुम्ही सांगितलं होतंत. स्टिरिओत या मापाने ती मर्यादा ४ तास ८ मिनिटांच्या सुमारास येते. रेकॉर्डरने आपण होऊन दोन फाइली केल्यात. जोडाच्या ठिकाणी एकही शब्द तुटलेला नाही, मी तीनतीनदा ऐकून पाहिलंय. आता लिहिताना दुसऱ्या फाइलची वेळ शून्यापासून धरू, की पहिलीच्या पुढे चालू ठेवू? तुमच्या संग्रहात जशी पद्धत असेल तशीच ठेवीन. सवडीने कळवा, घाई नाही.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक