मन्सूर कोणत्या यादीत?

पुणे,
रविवार, दुपार

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात मुकुंदनगरहून ‘सवाई गंधर्व’ संगीत महोत्सव, आपलं ‘सवाई’, आटपून आपण रिक्षाने घरी येत होतो, तेव्हा तू विचारलं होतंस, “बाबा, समोर बसून ऐकलेलं तुझं सगळ्यात आवडतं गाणं कुठलं? आणि कोणाला ऐकायचं राहून गेलं?” मी काहीतरी थातूरमातूर बोललो. एक तर थंडीने कान दुखत होते, आणि तुझी आई मीटरवरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती. आज ती भिशीला गेली आहे, घर शांत आहे, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू “हं, हं” करत लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत असतेस. ते मला ऐकू येतं.

आवडतं गाणं म्हटलं की पहिल्यांदा रमणबागेतल्या ‘सवाई’तली किशोरीताईंची (आमोणकरांची) एक संध्याकाळ आठवते. साल नक्की सांगता येणार नाही, नव्वदनंतरचं. त्या आल्या, बसल्या, आणि तानपुरे लावायला लागल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मागच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी खोकलं, कोणीतरी शेंगदाण्याची पुडी सोडली. माझ्या शेजारचे एक काका घड्याळ बघून म्हणाले, “आता लावणंच ऐकून घरी जायचं की काय!” मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी पुढे होतो, त्यामुळे दिसत होतं. त्या मागे वळून एका तानपुऱ्याची खुंटी जराशी फिरवायच्या, मग घोडीपुढचा मणी केसभर सरकवायला सांगायच्या, मग तारेखालचा जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन आणणारा, दोरा. पुन्हा ऐकायच्या. मान हलायची, नाही. पुन्हा.

आणि मग एका क्षणी ते जुळलं. म्हणजे मला आधी कळलंच नाही काय झालं ते. तानपुऱ्यात गंधाराची, म्हणजे ‘ग’ची, तार नसते, पण खर्जाची जाड तार नीट जुळली आणि जवारी मोकळी झाली की त्यातून गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. पुस्तकात वाचलं होतं, कानांनी पहिल्यांदाच ऐकला. कोणी गातही नव्हतं, आणि मांडवात गंधार होता. ताईंनी भूप राग सुरू केला, षड्जावर, ‘सा’वर, रेंगाळल्या, आणि त्या मांडवात आधीच असलेल्या गंधारावर अलगद जाऊन बसल्या. शेंगदाणेवाल्यानं पुडी बंद केली. काकांनी घड्याळ परत पाहिलं नाही. किशोरीताई लहरी आहेत, श्रोत्यांना झापतात, असं पुष्कळ लोक म्हणायचे, आणि झापायच्याही. पण त्या दिवसापासून कोणी कलाकार वाद्य लावत असला की मी घड्याळ बघत नाही.

दुसरं भीमसेन जोशींचं. पुण्यात माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाकडे भीमसेनजींची एक गोष्ट असते आणि त्यातल्या निम्म्या त्यांच्या गाडी चालवण्याच्या असतात. मी त्यांना वीसेक वेळा तरी ऐकलं असेन. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, १९५३ पासून भीमसेनजींनी गुरूच्या नावाने हा महोत्सव चालवला, त्यात शेवटी गायचे ते, आणि मग सवाईंची जुनी भैरवीची ध्वनिमुद्रिका लागायची. तरी मला आठवते ती गणपतीतली संतवाणी. पेठेतला रस्ता बंद करून मांडव टाकलेला, खाली सतरंज्या, सतरंज्या संपल्या तिथे वर्तमानपत्रं. तिकीट नाही, पास नाही. मध्येच पाऊस आला. आमच्या पुढच्या एका माणसाने छत्री उघडली. मागून ओरडा झाला, “ओ, दिसत नाहीये!” त्याने वळून पाहिलं, आणि काही न बोलता छत्री मिटली. मग आजूबाजूच्या सगळ्यांनीच मिटल्या. वर भीमसेनजी दोन्ही हात पुढे घेऊन कसलं तरी ओझं उचलत असल्यासारखे तान घेत होते, पखवाज घुमत होता, आणि आम्ही दोन-तीनशे माणसं मुकाट भिजत होतो. घरी आल्यावर तुझ्या आजीने डोकं पुसता पुसता शिव्या घातल्या.

झाकीरभाईंच्या (झाकीर हुसेन) तबल्याचं फार लिहीत नाही. तू स्वतः ऐकलंयस त्यांना. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा तुझाच फोन आधी आला होता.

आता राहून गेलेल्यांचं. यात दोन खाती आहेत, आणि ती मी कधी मिसळू देत नाही. एक खातं म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं ते. गायिका केसरबाई केरकर १६ सप्टेंबर १९७७ ला वारल्या तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आणि त्यांनी गाणं तर त्याच्याही आधीच थांबवलं होतं. त्यांच्या भैरवीची तबकडी घेऊन व्हॉयेजर यान त्याच महिन्यात, अकरा दिवस आधी उडालं. म्हणजे ते गाणं सूर्यमालेबाहेर गेलं, फक्त आमच्या सदाशिव पेठेत नाही आलं! गायक अमीर खाँसाहेब १९७४ मध्ये कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. त्याची हळहळ वाटते, पण ती हळहळ. पश्चात्ताप नाही.

दुसरं खातं माझ्या गाढवपणाचं. त्यात सगळ्यात वर कुमार गंधर्व.

क्षयाने त्यांचं एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं होतं, काही वर्षं डॉक्टरांनी गायलाही बंदी केली होती. देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले, आणि उठून गायला लागले ते वेगळेच होऊन. हे सगळं मला पाठ होतं. अलूरकरांच्या दुकानातून आणलेल्या त्यांच्या कॅसेट इतक्या वाजवल्या होत्या की एकीची टेप तुटली, ती नेलपॉलिशने चिकटवली. आणि पुण्यात त्यांचं गाणं होतं, ८९-९० चा हिवाळा असेल, माझ्याकडे तिकीटही होतं. मी गेलो नाही. कारण त्या संध्याकाळी चिंचवडला कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरला होता.

मुलगी पाहायला गेलो, मनवा. कुमारांना सोडून. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “गाण्याची आवड आहे का?” मी म्हटलं, “हो, आहे थोडीफार.” पोहे खारट होते. आठ दिवसांनी नकार आला. तिकीट माझ्या मित्राने वापरलं होतं, आणि तो अजूनही भेटला की त्या रात्रीचं वर्णन करतो, दर वेळी जरा वाढवून. १२ जानेवारी १९९२ ला कुमार गेल्याची बातमी आकाशवाणीवर ऐकली तेव्हा मी दाढी करत होतो. तुझ्या आईला हे लग्नानंतर सांगितलं, तर ती म्हणाली, “त्या मुलीनं शहाणपणा केला. जो माणूस कुमार सोडून पोहे खायला जातो, तो काहीही सोडेल.”

वसंतराव देशपांड्यांचं तसंच, पण थोडी सूट आहे. तुझ्या आजोबांनी ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक त्यांचंच पाहिलं, मी गोवर येऊन कडुलिंबाच्या पाल्यावर पडलो होतो. हे झालं पहिल्या खात्यात. पण १९८३ च्या जुलैत ते गेले तेव्हा मी कॉलेजात होतो, माणूस पुण्यातच राहत होता, आणि मी त्या वयात मॅटिनीला जात होतो. हे दुसऱ्या खात्यात. निखिल बॅनर्जींचंही तेच. सतारीपेक्षा मला तेव्हा क्रिकेट जास्त कळतं असं वाटायचं.

आता खरी अडचण. गायक मल्लिकार्जुन मन्सूर कुठे लिहायचे?

मी नववीत असेन. आजोबा मला पहिल्यांदा रात्रभराच्या ‘सवाई’ला घेऊन गेले. घोंगडी, थर्मास, आजीने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दोन-अडीचपर्यंत मी टक्क जागा होतो. तीनला डोळे मिटायला लागले. आजोबा म्हणाले, “मन्सूर आहेत आता, बस नीट.” मी नीट बसलो. किडकिडीत अंगाचे एक म्हातारे गृहस्थ येऊन बसलेले पाहिले. तानपुरे जुळले, आणि त्यांनी फारशी आलापी न करता चीज, म्हणजे बंदिश, सुरू केली, हेही आठवतं. पुढचं एकदम उजाडलेलं. मांडवाच्या कापडातून पांढरा उजेड, कोणीतरी थर्मास बंद करतंय, आणि आजोबांचे डोळे ओले. मी घोंगडीत होतो. आजोबांनीच पांघरलेली.

मी रडकुंडीला आलो. “उठवलं का नाहीत?” आजोबा म्हणाले, “उठवून काय ऐकणार होतास? झोपेत गेलं असेल तेवढं पुरे.” काय गायले म्हणून विचारलं, तर रागाचं नाव त्यांनाही नीट सांगता येईना. मन्सूर अनवट, म्हणजे क्वचितच ऐकू येणारे, आणि जोड राग इतके गायचे, की आमच्यासारख्या सतरंजीवरच्या श्रोत्यांची ती नेहमीचीच पंचाईत.

पुढे नोकरी लागल्यावर मन्सूरांचा शिवमत भैरव राग कॅसेटवर ऐकला. अंतऱ्याच्या सुमारास एक तान आहे, ती खाली उतरताना मला अचानक दवाने भिजलेल्या कनातीचा वास आला. आणि घोंगडीची खरखर गालाला. पुन्हा टेप मागे घेतली, पुन्हा तोच वास. आता ते खरंच त्या पहाटेचं होतं, की मीच नंतर जुळवून घेतलं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. आजोबा असते तर विचारलं असतं. कधी मी ‘ऐकलेल्या’ यादीत त्यांचं नाव घालतो, कधी खोडतो. किशोरीताई आणि मन्सूर दोघं एकाच जयपूर घराण्याच्या झाडाचे, एकीला मी कंटाळा गिळून जागा राहिलो, दुसऱ्याला झोपलो.

तुम्हा मुलांवर मात्र एक अन्याय झालाय, तो तुमचा दोष नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण रात्रभराचं ‘सवाई’ संपलं. पेठेत राहून मी नियमाला नावं ठेवणार नाही, डीजेच्या भिंतींपुढे तोच एक आधार आहे. पण त्यात मध्यरात्रीनंतरचा मालकंस राग गेला, सूर्योदयाआधीचा ललत गेला. तू इतकी वर्षं गाणं ऐकतेस, यमन, पूरिया, बागेश्री पोटभर ऐकलेस, पण ललत त्याच्या वेळेला, समोर बसून, कधी ऐकलायस का? मला तरी आठवत नाही. हेडफोनवर दुपारी जेवताना ऐकलेला धरत नाही.

तर या दिवाळीला दोन दिवस आधी ये. दिवाळी पहाटचे कार्यक्रम साडेपाचला सुरू होतात, त्यात नाट्यगीतं आणि भावगीतंच जास्त असतात हे खरं, पण एखाद्या ठिकाणी पहिला तास कोणीतरी नीट राग गातंच. कुठे ते मी आधी चौकशी करून ठेवतो. अभ्यंगस्नान चारला उरकायचं, आईची त्यावर कुरकुर चालू झाली आहेच. घोंगडी अजून माळ्यावर आहे, तिला उन्हात घालतो.

आणि मला झोप लागली तर कोपराने ढोस. आजोबांसारखं पांघरूण घालू नकोस.

तुझा,
बाबा