पेंढ्यावरच्या बैलाला भात नको, पेंड द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की आमच्या लांजा भागात कुणाचं तरी जनावर आडवं होतंच. मांडवातला उरलेला भात टोपलं भरून बैलापुढे ओततात, ‘पेंढा खाऊन कंटाळलाय बिचारा’ म्हणून. दुसऱ्या दिवशी पोट डब्ब, रवंथ बंद, आणि डॉक्टरांना फोनावर फोन. भाताचं पिष्ट पोटात झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं. कणीचंही तेच.

शिमग्यापासून मिरगापर्यंत आपली गुरं पेंढ्यावर आणि वाळून काडी झालेल्या गवतावर असतात. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. तो पचवणाऱ्या पोटातल्या जंतूंना एकूण खाण्यात 7 टक्के तरी लागतात. ती मिळाली नाहीत की पेंढा पोटात तसाच साचतो आणि बैल भरल्या गव्हाणीकडे बघत उभा राहतो. आपण म्हणतो, माजलाय! हिशोब साधा आहे: 6 किलो पेंढ्याला एक किलो तांदळाचा कोंडा आणि अर्धा किलो शेंगदाणा पेंड दिली की ते 7 टक्के गाठता येतात. मात्र सुरुवात मूठ-मूठ वाढवत करावी.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेली गुरं हिवाळ्यात वाळक्या गवतावर असतात, तेव्हा त्यांना मक्याचं इथेनॉल काढून उरलेला चोथा देतात. पिष्ट निघून गेलेलं, प्रथिनं मक्याच्या जवळजवळ तिप्पट. हा चोथा आता आपल्याकडेही मिळतो. पण मका बुरशीचा असेल तर विषही तिपटीने उतरतं, त्यामुळे कोकणातल्या दमट हवेत मी तरी पावसाळ्यासाठी त्याची पोती भरून ठेवणार नाही.

राहिला कोंडा. भात सडायच्या जुन्या हलरच्या गिरणीत तूस, म्हणजे भाताचं टरफल, आणि कोंडा एकत्रच दळून निघतो. चिमूटभर तळहातावर चोळून पाहा, तूस टोचतं. चांगला कोंडा मऊ, तेलकट लागतो. तो लवकर खवट होतो, म्हणून थोडाथोडाच आणावा. आमच्याकडे एका गिरणीवर चांगला कोंडा आणि तूस मिसळलेला कोंडा एकाच भावाने विकतात, विचारलं तर ‘कोंडा तो कोंडा’ म्हणून वाटेला लावतात. तूस किती आहे ते पोत्यावर लिहायची सक्ती व्हावी आणि भाव वेगळे लागावेत. तुसाचा माल वीटभट्टीला जाऊ दे, गव्हाणीत नको.

आपला,
एक बैलजोडीवाला, ता. लांजा, जि. रत्नागिरी