मिरचीच्या गाड्या निघण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावात मी १९ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. धानाचा चुरणा आटोपला की आमचं अर्धं गाव मिरची तोडायला तेलंगणात जातं. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणाऱ्या पोरी. गेल्या फाल्गुनात अशीच एक नववीतली पोरगी माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, आधारवरची जन्मतारीख बदलते का?"

"कशाले वं?"

"आजीनं विचारून ये म्हटलं."

तिच्या जन्माची नोंद माझ्याच हातची. १५ पूर्ण व्हायला ४ महिने होते. आजीजवळ जाऊन बसले, तेव्हा उलगडलं. मंडईत भेटलेली एक बाई सोयरीक घेऊन आली होती. हुंडा नको, लग्नाचा खर्च मुलाकडचे करणार, वरून आजीच्या हातात ५० हजार. मुलगा राजस्थानचा. त्याचं गाव कोणतं, घरी कोण, आजीला काहीच सांगता येईना. पोरीचा बाप वारलेला, माय मिरचीवर. त्या म्हातारीला मी दोष देत नाही.

मी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला. ग्रामसेवकांना बोलावलं, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. पोलीस पाटील आले. बचत गटाच्या बायका रात्रभर त्या अंगणात बसल्या. जीप आली आणि गर्दी पाहून वेशीवरूनच वळली.

ही वाचली. चार वर्षांपूर्वी गावातून गायब झालेली पोरगी नाही वाचली. तिची माय पोलीस ठाण्यात गेली, तर "पळून गेली असेल, दोन दिवस वाट पाहा" असं ऐकून परत आली. मूल हरवल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवायचा, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलेलं आहे. तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं. पोरगी सात महिन्यांनी परतली, तर गावानं तिलाच विचारलं, कोणासोबत गेली होतीस? ती आता गावात राहत नाही. मला याचं दुःख जास्त आहे.

गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, सेविका सचिव. आमची बैठक कित्येक वर्षं वहीतच झाली. घरोघरी सह्या घेत मीच फिरले. आता दर महिन्याला खरंच बसतो. माझं म्हणणं एवढंच, की गाड्या निघण्याआधी समितीनं यादी करावी. कोणत्या घरची पोरगी मागं राहते, कोणाच्या भरवशावर राहते, आणि रोज सांजेला तिच्याकडे डोकावून कोण येणार. बीडकडे ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. मिरचीच्या हंगामात आमच्याकडे ती का नकोत?

२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे. आजूबाजूच्या गावांतल्या सेविकांनीही द्यावा. आमच्याकडच्या गाड्या त्यानंतरच निघतात.

एक अंगणवाडी सेविका,
ता. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर

(दोन्ही मुलींची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव व गाव छापू नये, ही विनंती.)