लकव्याचे इंजेक्शन सीटीच्या खोलीतच हवे

महोदय,

‘लकवा आहे, पुण्याला न्या’ हे वाक्य तालुक्या-जिल्ह्याच्या रुग्णालयांत अजून सर्रास ऐकू येते. कारण ठरलेले: न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, नाही. हिमाचल प्रदेशातल्या अशा रुग्णालयांतही नव्हते. तिथे 2014 पासून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयांतले फिजिशियनच मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊ लागले. शिमला आणि टांडा इथले न्यूरोलॉजिस्ट मोबाइलवर स्कॅन पाहून सल्ला देतात, औषध सरकार मोफत पुरवते.

इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची, आणि ती पेशंट शेवटचा धड दिसला तेव्हापासून. पहाटे हात लुळा आढळला, तर घड्याळ रात्रीपासून धरायचे. म्हणून सगळे रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत थांबणे परवडत नाही. रक्तस्राव नसल्याचे दाखवणारा साधा सीटी, ग्लुकोमीटरवरची शुगर, 185/110 च्या खाली बीपी आणि अलीकडच्या ऑपरेशन-रक्तस्रावाची विचारपूस झाली की पुरे. आयएनआरसाठी (रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी) थांबायचे ते रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याची शंका असेल तरच. बीपी उतरवायला जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडणे मात्र आता बंद व्हावे. दाब एकदम कोसळला की मेंदूचा वाचू शकणारा भागही जातो.

वजन करूनच डोस काढावा. 60 किलोला अल्टेप्लेज (हेच ते गुठळी विरघळवणारे औषध) 54 मिलिग्रॅम: 5.4 एका मिनिटात, उरलेले 48.6 तासाभरात पंपाने. औषधाची कुपी खळखळवू नये, फेस होतो. ग्लुकोजच्या सलाइनमध्ये तर मिसळूच नये. पंप ‘संपले’ म्हणून वाजला तरी नळीत काही मिली औषध उरलेलेच असते. ते नॉर्मल सलाइनने त्याच वेगाने आत जाऊ द्यावे. पंपच नसेल तर त्याच जातीचे टेनेक्टेप्लेज सोयीचे: किलोला 0.25 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 25, एकाच दमात. त्यानंतर बीपी दोन तास दर 15 मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग 24 तास पुरे होईपर्यंत दर तासाला. 24 तासांनी पुन्हा सीटी होईपर्यंत अॅस्पिरिन नाही.

इंजेक्शनची वेळ टळलेल्यांचे काय? त्यांचा घात अनेकदा घोटभर चहा करतो. नातेवाईक मायेने पाजतात, गिळणे बिघडलेले असल्याने तो श्वासनळीत उतरतो, पाठोपाठ न्यूमोनिया. सिस्टरने आधी पेशंटला ताठ बसवून चमचाभर पाणी द्यावे. ठसका लागला किंवा आवाज ओलसर झाला, तर तोंडाने काही नाही, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब. याला यंत्र लागत नाही.

आरोग्य खात्याने निदान सीटी असलेल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, सीटीच्याच खोलीत, एक ट्रे ठेवावा: औषध, बीपी उतरवणारे लॅबेटॅलॉल, ग्लुकोमीटर, वजनानुसार डोसचा तक्ता आणि ज्याला रात्री दोनलाही फोन करता येईल अशा न्यूरोलॉजिस्टचा नंबर. आज हे औषध स्टोअरच्या कुलपात असते आणि किल्ली ज्याच्याकडे, तो सकाळी येतो.

– एक फिजिशियन, मराठवाडा