छायाचित्रातला रक्तदाब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला उच्च रक्तदाबाचं निदान आणि उपचार यावरचा पानभर लेख वाचला. त्यातल्या गोळ्यांकडे नंतर वळतो. आधी वरचं चार कॉलमी छायाचित्र. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आहेत, पाठ टेकलेली नाही, पायावर पाय टाकला आहे, पट्टा स्वेटरच्या बाहीवरून गुंडाळला आहे, हात मांडीवर पडला आहे आणि बाई समोरच्या डॉक्टरांशी हसून बोलत आहेत. रक्तदाब कसा मोजू नये याचं इतकं भरगच्च चित्र मुद्दाम काढू म्हटलं तरी जमायचं नाही. त्याखाली ओळ कोणती, तर ‘अचूक मोजमाप ही निदानाची पहिली पायरी’!

ओळ खरी आहे हो. म्हणूनच राग येतो. लेखाचे तीन कॉलम औषधांवर आणि मोजण्यावर अडीच वाक्यं. त्यातही एकदा एकक ‘मिलिग्रॅम’ छापलंय. रक्तदाब मिलिमीटर पाऱ्यात मोजतात, तो वजनावर विकत नाहीत.

त्या बाईंचा आकडा किती फुगला असेल ते पाहू. दंड हृदयाच्या पातळीखाली गेला की रक्ताच्या स्तंभाचा भार वाढतो, दर १० सेंटिमीटरला सुमारे ७ ते ८ मि.मी. हात मांडीवर असला तर वरचा आकडा साधारण ४ने आणि बाजूला लोंबत असला तर ६-७ने जास्त दिसतो. पायावर पाय टाकल्याने २ ते ८ची भर पडते. बोलण्याने १०पर्यंत वाढ होते, आणि ऐकताना मान डोलावत ‘हं, हं’ करणं हेही बोलणंच. लघवी तुंबवून बसलं तरी आकडा चढतो. जाड बाहीवरून पट्टा बांधला तर किती फरक पडेल याचा भरवसाच नाही. या साऱ्यांची सरळ बेरीज होते असं नाही, पण १३०चे १५० व्हायला त्यातल्या दोन-तीन चुका पुरतात. आणि १५०वर लगेच गोळी सुचवायला आपला लेख तयारच आहे.

पट्ट्याच्या मापाचा तर लेखात उल्लेखच नाही. (डॉक्टर त्याला ‘कफ’ म्हणतात, छातीतल्या कफाशी त्याचा संबंध नाही. लेखातल्या उपशीर्षकावरून आपल्या मुद्रितशोधकाचा तसा समज झालेला दिसतो.) खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर टेपने मोजायचा. बहुतेक यंत्रांसोबत येणारा मधला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. आतली हवेची पिशवी दंडाच्या निदान ८० टक्के घेराभोवती यायला हवी. मोठ्या दंडाला लहान पट्टा लावला तर वरचा आकडा ५ने, फारच जाड दंड असेल तर २०ने जास्त येतो. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की उलट होतं, म्हणजे आजार असून दिसत नाही. अशी माणसं आयुष्यभर चुकीच्या रकान्यात बसतात.

मोजायचं कसं, हे छापायला दहा ओळी लागल्या असत्या. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, मोबाइल बाजूला. उघड्या दंडावर, पट्ट्याची खालची कड कोपराच्या खोबणीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर आणि नळीची खूण आतल्या बाजूच्या धमनीवर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नव्हे. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजायचं आणि पुढे ज्याचा आकडा जास्त तोच दंड कायम ठेवायचा. डायलिसिससाठी नस जोडलेल्या हाताला मात्र पट्टा लावायचाच नाही. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्र गोंधळतं. अशा वेळी तीनदा मोजावं किंवा स्टेथोस्कोपने मोजून घ्यावं. मनगटावरची यंत्रं सोयीची खरी, पण मनगट हृदयाच्या पातळीला धरलं नाही तर ती काहीही सांगतात.

निदान एका आकड्यावर होत नाही. दवाखान्यात १४०/९० आणि त्याच्या वर, तेही वेगवेगळ्या दिवशी, असा उंबरठा बहुतेक ठिकाणी मानतात (अमेरिकेने २०१७ साली तो १३०/८०वर आणला). घरी मोजल्यावर हाच उंबरठा १३५/८५ धरतात, कारण डॉक्टरांसमोर अनेकांचा आकडा चढतो. घरचं मोजमाप सात दिवस करायचं: सकाळी लघवीनंतर, न्याहारी आणि गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्या चोवीसांची सरासरी काढायची. दवाखान्यात जास्त आणि घरी ठीक असेल तर बहुधा गोळीची घाई नसते, नुसती नजर ठेवतात. उलट प्रकार, म्हणजे दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त, हा खरा लबाड, कारण तो शोधायला कुणी जातच नाही.

आता लेखातल्या त्या तक्त्याबद्दल. ‘वयानुसार सामान्य रक्तदाब: ६० वर्षे – १६०, ७० वर्षे – १७०’. म्हणजे वयात १०० मिळवा आणि निर्धास्त झोपा! आजोबांच्या काळचं हे गणित १९९१ सालीच मोडीत निघालं. ६० आणि त्यापुढच्या वयाच्या, वरचा आकडा १६०च्या पुढे आणि खालचा ९०च्या आत असलेल्या माणसांवर तेव्हा मोठी चाचणी झाली होती. उपचार घेणाऱ्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८ साली ऐंशी वर्षांच्या पुढच्यांवरही चाचणी झाली, तिथेही उपचारांनी मृत्यू घटले. वय झालं म्हणून १७० ‘सामान्य’ होत नाही. फक्त थकलेल्या वृद्धांत आकडा किती खाली आणायचा हे बेताने ठरवतात आणि उभं राहिल्यावरही मोजतात. तीन मिनिटांत वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला, तर पडण्याची भीती असते आणि औषधाचा पुन्हा विचार करावा लागतो. हे वाक्य तक्त्याच्या जागेत आरामात मावलं असतं.

गोळ्यांचा भाग बराचसा ठीक आहे, एका वाक्याने घात केला: ‘अचानक वाढल्यास नेहमीची एक गोळी जादा घ्यावी.’ नेहमीची म्हणजे बहुतेकांची अम्लोडिपिन. तिचा रक्तातला परमोच्च बिंदू सहा ते बारा तासांनी येतो आणि अर्धं औषध शरीरातून जायला ३० ते ५० तास लागतात. म्हणजे रात्री आठला घाबरून घेतलेली जादा गोळी भीती ओसरून गेल्यावर, पहाटे काम करू लागणार. माणूस अंथरुणातून उठताना चक्कर येऊन पडला की पुन्हा दोष रक्तदाबाचाच. पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकत. त्याने दाब इतका धाडकन उतरे की पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके नोंदले गेले, म्हणून ती पद्धत सोडून द्यावी लागली. १८०/११० दिसलं आणि त्रास काही नसेल तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूची शक्ती जाणं, दिसेनासं होणं यांतलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. लेखात हा फरक कुठे आहे?

मीठ ५ ग्रॅमच्या आत, हे छापलंत ते बरं केलंत. पण पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एक ग्रॅम मीठ असतं, आणि इबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं दाब वाढवतात, हे कुणी सांगायचं? ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात गुडघेदुखीची दुसरी गोळी असते. एनालाप्रिलच्या कुळातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि लोक महिनोन्‌महिने खोकल्याचं औषध पितात, हेही तसंच.

जाता जाता, गेल्या आठवड्याच्या पुरवणीतला जुलाबावरचा चौकोन. ‘एक पेला पाण्यात अर्धा चमचा मीठ व सहा चमचे साखर.’ पेला नव्हे साहेब, लिटर! एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट अर्धा छोटा चमचा मीठ आणि सपाट सहा छोटे चमचे साखर. २०० मिलिलिटरच्या पेल्यात तेवढंच मीठ घातलं तर ते पाणी रक्ताच्या दीडपटीहून खारट होतं. तान्ह्याला ते पाजलं तर रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात. जुलाबावरच्या तयार मिश्रणाचं (ओआरएसचं) पाकीट मिळत असेल तर तेच बरं, पण एक लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच घालायचं, अंदाजाने अर्धं-पाव करायचं नाही, आणि उरलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. मुलाने उलटी केली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजायचं.

रक्तदाबाच्या लेखाची दुरुस्ती सावकाश छापलीत तरी चालेल. जुलाबाच्या चौकोनाची मात्र उद्याच छापा, आणि आतल्या पानावर कोपऱ्यात नको, चौकोन होता तेवढ्याच आकारात, त्याच जागी. वरती ‘कापून ठेवा’ असं आपणच लिहिलं होतं.

कळावे,
एक वाचक